पार्किंगमधले तज्ज्ञ

पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या कुठल्याही सोसायटीत रविवारी सकाळी गाडीचं बॉनेट उघडून उभं राहावं. फार वेळ थांबावं लागत नाही. खाली पायजमा, बनियनवर घाईघाईत चढवलेला शर्ट आणि हातात अर्धा उरलेला चहा अशा थाटात एक काका शेजारी येऊन ठाकतात. आधी इंजिनाकडे बघतात, मग मालकाकडे आणि मग ‘वाटलंच होतं’ अशा अर्थाने मान हलवतात. बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय, हे सांगून उपयोग नसतो.

हे काका बँकेतून निवृत्त झालेले असतात, नाहीतर पाटबंधारे खात्यातून किंवा आयुर्विमा महामंडळातून. त्याच इमारतीत टेल्कोत तीस-पस्तीस वर्षं काढलेले एक गृहस्थही राहतात, पण ते खाली येत नाहीत. त्यांना गाड्यांतलं खरोखरच कळतं.

काकांचा खास प्रांत म्हणजे थरथर. गाडी सुरू होत नाही, एसी गार करत नाही असल्या तक्रारींत त्यांना रस नाही, कारण तिथे निदान चुकलं की जागच्या जागी उघडं पडतं. थरथरीचं तसं नसतं. ती कधी असते, कधी नसते, आणि पार्किंगमध्ये तर कधीच नसते. मत द्यायला याहून मोकळं मैदान कुठलं?

बी विंगमधला एक आयटीवाला मुलगा महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून कोकण करून आला. आल्यावर त्याने काकांपुढे तोंड उघडलं, हीच त्याची चूक.

“काका, ऐंशीच्या स्पीडला ब्रेक दाबला ना, की स्टिअरिंग...”

“अलाइनमेंट.”

वाक्य पुरं व्हायच्या आत निदान! जुने वैद्य निदान नाडी धरायचे तरी. काकांना तेवढाही स्पर्श लागत नाही. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने खातात, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं. नुसत्या अलाइनमेंटने ब्रेकवर थरथर सुटत नाही. पण काकांच्या शब्दकोशात अलाइनमेंट हा आजार नसून सर्वनाम आहे.

अलाइनमेंट झाली. पुढचा रविवार उजाडला. “बॅलन्सिंग केलंस का? तेच तर!” बॅलन्सिंग झालं. मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे झाले. मग काकांनी “लोअर आर्म बघून घे” असं सांगितलं आणि स्वतः नळाला पाणी आलं म्हणून वर गेले.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारला नाही: नक्की केव्हा हलतं? चाकाचं बॅलन्स गेलं असेल तर ऐंशी ते शंभरच्या मध्ये कुठेतरी स्टिअरिंग थरथरतं, मग ब्रेकवर पाय असो वा नसो. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर असेल तर पहिला संशय पुढच्या डिस्कवर घ्यायचा. स्टिअरिंग शांत आणि सीट किंवा पायाखालची जमीन हलत असेल तर मागच्या चाकांकडे बघायचं. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून ठेवून हँडब्रेक हळूहळू ओढला आणि तेव्हाही तसंच हललं, तर मागच्या ड्रमवर बोट ठेवता येतं. अचानक करकचून ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली कुरकुर करत उलट मारत असेल तर ते एबीएस. ते आपलं काम करतंय, त्याला बिचाऱ्याला दुरुस्त करू नये. काकांनी मात्र एका शेजाऱ्याला त्यासाठी ब्रेक ऑइल बदलायला लावलं होतं. ऑइल जुनंच होतं, त्यामुळे नुकसान काही झालं नाही, पण कुरकुर तशीच राहिली.

टेस्ट ड्राइव्ह हा काकांच्या रविवारचा मुकुटमणी. ते ड्रायव्हरशेजारी बसतात, एक तळवा डॅशबोर्डवर टेकवतात आणि डोळे मिटतात. गाडी गल्लीतून तीसच्या वेगाने जाते. “काही नाहीये.” नसणारच. ऐंशीच्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण बारा वेळा फिरतं. डिस्कच्या एका जागी खोट असेल तर स्टिअरिंगला सेकंदाला तितके धक्के बसतात आणि पुढचं सगळं सस्पेन्शन त्या तालात थरथरायला लागतं. तीसला तो ताल जमतच नाही. तेव्हा चांदणी चौक ओलांडून बायपासला जायचं ठरतं. तिथे ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग खडखडून हललं आणि काकांचे डोळे उघडले.

“डिस्क वाकलीये,” ते म्हणाले. “घाटात तापली, वाकली.”

हे त्यांचं निदान अख्खा भारत करतो, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. बाराशे किलोची गाडी हजार मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, तेवढीत पस्तीस लिटर पाणी उकळीला येईल. आंबेनळी घाट हजार मीटरहून जास्त उतरवतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर त्यातला बराच भार इंजिन उचलतं. तिसऱ्या-चौथ्यात पाय ब्रेकवर ठेवून उतरलं तर सगळा डिस्कवर पडतो. पण ओतीव लोखंडाची डिस्क त्याने पापडासारखी वाकडी होते असं नव्हे. अमेरिकन रेसिंग इंजिनिअर कॅरल स्मिथ यांनी ‘वाकलेली डिस्क’ ही दंतकथाच आहे, असं ठणकावून लिहून ठेवलंय. होतं ते बहुतेकदा असं की तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर कुठे जाड, कुठे पातळ बसतो. घाट उतरून खाली हॉटेलापाशी थांबून ब्रेक गच्च दाबून धरला, तर पॅडचा ठसाच उमटतो. नाहीतर डिस्क एका जागी जास्त झिजते. तिच्या जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी, तेवढाही हाताला जाणवू शकतो.

शेवटी मुलगा वारज्याच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेला. तिथल्या पोराने आधी काही उघडलंच नाही. विचारलं, “दादा, हात हलतो की सीट? फक्त ब्रेकलाच? आणि चाकं शेवटची कधी काढली होती?” मग गाडी उचलून चाक धरून हलवून बघितलं: टाय रॉड एंडला किंवा बॉल जॉइंटला प्ले आहे का. हे बघणं आधी हवं, कारण डिस्कची थरथर त्रासदायक असते, पण बॉल जॉइंट सुटला तर चाकच आडवं होतं. प्ले नव्हता. कॅलिपरच्या पिना मोकळ्या होत्या. मग त्याने चाक उतरवलं, डिस्कवर डायल गेज लावलं आणि हाताने सावकाश फिरवली. काटा इकडून तिकडे जात होता. डिस्क काढली तर मागे हबवर गंजाचा पापुद्रा, आणि डिस्क त्यावर जराशी तिरकी बसलेली.

ही तिरकी बैठक एकदम त्रास देत नाही. चाक फिरताना तिचा उंच भाग प्रत्येक फेरीला पॅडला चाटून जातो, ब्रेक दाबलेला नसतानाही, आणि हजारो किलोमीटरनंतर तिथे पातळ पडतो. थरथर सुरू होईपर्यंत मूळ काम कुणी केलं हे सगळे विसरलेले असतात. त्यात टायरवाल्याने हवेच्या गनने नट कसेही आवळले की भर पडते. तसे नट आवळण्याचा योग या गाडीला आजवर तीनदा आला होता, आणि त्यातला शेवटचा योग काकांनी टायर अदलाबदल करायला लावल्यामुळे.

पोराने डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी वाचली. तिच्यावर अजून जागा होती, म्हणून लेथ मारायला पाठवली, हब घासून चकचकीत केलं आणि नट आळीपाळीने समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळले. स्टिअरिंग शांत झालं. बातमी काकांपर्यंत गेली.

“मी काय म्हणत होतो? पुढच्याच चाकात आहे!”

काकांची स्वतःची गाडी तळमजल्यावर कव्हरखाली असते. बारा वर्षांत एकोणीस हजार किलोमीटर, त्यातले बरेचसे सारसबागेच्या गणपतीचे. फियाटच्या ड्रम ब्रेकवर शिकलेला माणूस गाडी कधी चाळीसच्या वर नेत नाही, आणि ‘आमच्या गाडीला बाई कसला त्रास नाही’ हे काकूंच्या तोंडीही बसलंय. पण पावसाळ्यात चार-चार महिने उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो आणि पॅड टेकलेली जागा वेगळीच उरते. चाळीसला ती बोलत नाही.

मागच्या मार्गशीर्षात कोल्हापूरला भाच्याचं लग्न होतं. काकूंनी “मुहूर्त चुकेल” म्हणून सारखं घड्याळ दाखवलं, आणि शिरवळच्या पुढे काटा प्रथमच ऐंशीवर गेला. आनेवाडी टोलनाक्याच्या पाट्या दिसल्या, तसा काकांनी ब्रेक दाबला. स्टिअरिंग दोन्ही हातांत नाचायला लागलं.

“अहो, स्टिअरिंग हलतंय.”

“रस्ता आहे तो.”

तासवड्याच्या नाक्यालाही तेच. काकूंनी काकांच्या हातांकडे बघितलं, मग समोरच्या गुळगुळीत डांबराकडे.

“इथेही रस्ताच का?”

“टोलनाक्यापाशी मुद्दाम करतात ते तसं,” काका म्हणाले. “गाड्या हळू व्हाव्यात म्हणून.”