सेलमुक्त काका

केळशीत महालक्ष्मीच्या देवळाकडून समुद्राकडे निघालात की वाटेतल्या एका पडवीतून सोल्डरिंगचा वास येतो. तिथे काका कोणाचं तरी चांगलं चाललेलं यंत्र उघडून बसलेले असतात.

काकांचा सिद्धान्त एकच: सेल लागतो ते यंत्र परावलंबी. घरातलं घड्याळ किल्लीचं. विहिरीवर पंप बसला, तरी रहाट उतरवू दिला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, गाव कित्येक दिवस अंधारात राहिलं आणि आळीतले हंडे-कळश्या काकांच्या रहाटापाशी लागल्या. तेव्हापासून सिद्धान्ताचं शास्त्र झालं.

मे महिन्यात डोंबिवलीचा पुतण्या बेस गिटार घेऊन आला. पिकअप अ‍ॅक्टिव्ह. म्हणजे पोटात प्रीअँप आणि त्याला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. आवाज स्वच्छ, पण केबल जॅकमध्ये खोचलेली राहिली, तर न वाजवताही सेल उतरतो. पोराची केबल रात्रभर तशीच राहिली. सकाळी बेस मुका. काकांना तेवढं पुरलं.

"लिओ फेंडरने १९५१ मध्ये बेस काढला, तेव्हा कुठे होता रे सेल?" ही माहिती काकांनी मोबाइलवर वाचली होती. मोबाइलमध्ये काय असतं, ते काकांना विचारायचं नसतं.

पॅसिव्ह पिकअप मागवले गेले. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, संपलं. काकांनी २५ किलोओहमचे पॉट काढून २५० चे घातले. "जुनेच ठेवलेस तर वरचा सूर गिळतील." हे मात्र शंभर टक्के खरं. डाखही कसा, चकचकीत!

अँप लावला आणि बेसच्या आधी ट्यूबलाइटच वाजू लागली. घर्रर्र! बऱ्याच अ‍ॅक्टिव्ह पिकअपना ब्रिजची अर्थिंगची तार लागत नाही, पॅसिव्हना लागते. काकांनी ब्रिज उचलून खाली उघडी तार दाबली, दुसरं टोक पॉटच्या पाठीवर डाखलं. तारांवर हात ठेवला की घरघर बसू लागली. बसली, पण पुरती गेली नाही.

"उरलेली घरघर बेसची नव्हे, वायरिंगची," म्हणत काकांनी मेन स्विच पाडला. घरघर थांबली. अँपही थांबला.

"काका, अँपला वीज लागतेच की!"

"ती वीजवाल्यांची जबाबदारी. आपल्या बाजूने आपण स्वावलंबी."

पोराने बेस तसाच डोंबिवलीला नेला. तिथे तो उत्तम वाजतो, म्हणजे काम खरंच चोख झालं होतं. तेव्हा केळशीला गेलात आणि काही बिघडलं, तर काकांकडे बिनधास्त न्या. धड चालणारी वस्तू मात्र त्या पडवीवरून नेताना पिशवीत झाकून न्यावी.