इंडिकेटरखाली भेटू

मुंबईतला तरुण माणूस मित्रांना भेटायला जातो, असं म्हणायची पद्धत आहे. घड्याळ लावून पाहिलं तर तो जातो आणि येतो, आणि या दोहोंच्या फटीत जमलं तर भेटतो. डोंबिवली, वसई, खारघर आणि अंधेरी इथे राहणारे चार मित्र घ्या. कॉलेजात एका बाकावर बसणारे हे चौघे नोकरी लागल्यावर जिथे भाडं परवडलं तिथे पांगले. शनिवारचा बेत साधा आहे: मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून खारे शेंगदाणे खायचे. पण डोंबिवली काय किंवा वसई काय, शहराच्या दक्षिण टोकापासून पन्नासेक किलोमीटर. रिक्षाची रांग, गाडी, चालणं, आणि हेच सगळं उलट्या क्रमाने धरलं तर प्रवास साडेतीन तासांचा आणि शेंगदाणे पंधरा मिनिटांचे. बाहेरगावचे पाहुणे हा हिशेब ऐकून हळहळतात. ती हळहळ वाया जाते, असं माझं म्हणणं आहे. मुंबईत भेटीसाठी प्रवास करावा लागतो हे अर्धंच खरं. प्रवास हीच भेट असते, आणि समुद्र हे घरी सांगायचं कारण.

पहिला पुरावा, भेटायचं कुठे हे ठरण्याची रीत. ग्रुपवर आधी वांद्र्याचं कॅफे सुचवलं जातं, मग कोणीतरी पृथ्वी थिएटरचं नाव घेतो, खारघरवाला फक्त एक हताश चेहरा टाकतो, आणि दोनशे मेसेजनंतर दादर ठरतं. ते पहिल्या मेसेजलाही ठरलं असतं. कारण इथली माणसं जातपात, पगार, शाळा यांच्याआधी लाइनीने ओळखली जातात: वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर. याचं मूळ इंग्रजांच्या काळात आहे. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. गुजरातेकडून आली ती बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडियाची. दोघींनी आपापले रूळ टाकले आणि पुढे कधीतरी वसईच्या मुलाची डोंबिवलीच्या मुलाशी मैत्री होईल, याचा विचार दोघींनीही केला नाही. 1951 साली त्यांच्या पश्चिम आणि मध्य रेल्वे झाल्या, पण सवती त्या सवतीच. दादरला त्या शेजारी उभ्या राहतात, म्हणून सगळ्या भेटी दादरच्या पुलावर. तिथेही गंमत होती. 2023 च्या डिसेंबरपर्यंत दोन्ही बाजूंना आपापला एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता, त्यामुळे ‘एक नंबरवर उभा आहे’ असं दोन मित्र एकमेकांना पूर्ण खरेपणाने सांगत आणि अर्धा तास भेटत नसत. मग मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मना आठपासून चौदापर्यंत नंबर मिळाले. प्रवाशांची सोय झाली आणि उशिरा येणाऱ्यांची एक उत्तम सबब गेली.

सबबींचा तुटवडा मात्र नाही. इथे ‘निघालोय’ म्हणजे टॉवेल शोधतोय, ‘ट्रेनमध्ये आहे’ म्हणजे रिक्षाच्या रांगेत आहे, आणि ‘पोचलोच’ म्हणजे गाडी अजून मुलुंडला आहे. बेत रविवारचा असेल तर पंचांगाच्या जागी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या कधी बंद आहेत ते, पाहावा लागतो. पश्चिम रेल्वेवर त्यालाच जम्बोब्लॉक म्हणतात, कारण एका नावाने ओळखलं जाणं दोघींनाही मंजूर नसावं. ही सगळी खटपट पार करून जो इंडिकेटरखाली उभा दिसतो, त्याच्याबद्दल आपोआप आपुलकी वाटते. पायी पाच मिनिटांवर राहणारा मित्र आला तर आला. हार्बर बदलून आलेल्याची मैत्री पुराव्यानिशी शाबीत झालेली असते. पुढचा प्रवास चौघे मिळून करतात आणि खऱ्या गप्पा तिथेच होतात. तिघांच्या बाकावर चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो. ही चौथी सीट कुठल्याही नियमात बसत नाही, म्हणून ती सगळ्यांना पाठ आहे. पगार किती, लग्नाचं काय, साहेब कसा आहे, हे प्रश्न समोरासमोर कॅफेत बसून विचारले तर मुलाखत वाटते. गाडीत नजर खिडकीबाहेर ठेवता येते, उत्तर नको असेल तर स्टेशन येतं, आणि बोलायचंच असेल तर पुढचं स्टेशन लांब असतं.

यावर पहिला आक्षेप गर्दीचा. श्वास घ्यायला जागा नाही तिथे कसली मैफल? सकाळच्या विरार फास्टबद्दल हे शंभर टक्के खरं आहे; तिथे माणसं जवळ येतात ती केवळ भौतिक अर्थाने. पण शनिवारी संध्याकाळी शहराकडे येणारी गाडी कामावरून सुटलेल्यांच्या उलट दिशेने धावते आणि खिडकीसुद्धा मिळू शकते. दुसरा आक्षेप याहून जड आहे. चौघांत एक मैत्रीण असेल तर परतीचं घड्याळ तिचं असतं. लेडीज डब्यात कानातल्यांपासून सेफ्टी पिनांपर्यंत बाजार भरतो, अनोळखी बायका एकमेकींना रंग निवडून देतात, ही मौज खरी. पण रात्री साडेअकराला रिकाम्या डब्यात बसताना तिला लोकेशन घरी पाठवावं लागतं आणि तिच्या मित्राला लागत नाही, हेही खरं. माझा मुद्दा इथे लंगडतो, आणि त्यावर विनोद करण्यात हशील नाही.

तिसरा आक्षेप आधुनिक लोकांचा: आता मेट्रो आहे, दादरची जुलूमशाही संपली. 2014 साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी-घाटकोपर मैत्री दादरच्या मध्यस्थीशिवाय शक्य झाली, हा उपकार मान्य. 2025 च्या ऑक्टोबरपासून आरे ते कफ परेड हे साडेतेहतीस किलोमीटर भुयारातून गार हवेत कापता येतात. पण भुयारात खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नसल्यामुळे जो तो फोनमध्ये पाहतो, आणि चौथी सीट तिथे कोणी देत नाही. वेळ वाचतो, तो कशात घालवायचा याची चर्चा मात्र राहून जाते. चौथा आक्षेप घरच्यांचा: डोंबिवलीत काय कमी आहे, म्हणून समुद्रावर जायचं? काहीच कमी नाही. दिवाळीच्या पहिल्या सकाळी फडके रोडवर नवे कपडे घालून जमलेली तरुणाई पाहावी. खाणं दुय्यम, खरेदी शून्य, करायचं काय तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि परत यायचं. म्हणजे समुद्र हाताशी नसला तरी डोंबिवलीकरांनी येण्याजाण्याचीच करमणूक केली. घरच्यांचा हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो.

राहता राहिली परतीची वाट. ज्या गावात शेवटची गाडी नसते तिथे मैफल मोडण्याचं पाप कोणा एकाला घ्यावं लागतं; आधी जांभई देणारा वर्षभर बोलणी खातो. मुंबईत ते पाप रेल्वे घेते. गप्पा कितीही रंगोत, कोणीतरी ॲप उघडतो आणि सगळे एका आवाजात उठतात. कोणाचा अपमान नाही, कोणाचा रुसवा नाही. उलट इंडिकेटरकडे धावताना सगळ्यात मोठ्याने हसू येतं. चर्चगेटहून शेवटची बोरिवली रात्री एकच्या सुमारास सुटते, शेवटची विरार त्याच्या थोडी आधी, आणि सीएसएमटीहून कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या त्याच्याही आधी संपतात. तेव्हा कर्जतवाल्यांनी पहिल्यांदा उठावं, विरारवाल्यांनी त्यांच्यामागून, आणि बोरिवलीकरांनी उरलेले शेंगदाणे संपवावेत, पण त्यावरून भाव खाऊ नये.