फ्रॉक नको, कापड पाठव

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स

ती. आईस सा. न. वि. वि.

चिऊच्या हिमरूच्या फ्रॉकवरून घरात दोन पक्ष पडलेत, हे कळलं. तुझं आणि काकूचं म्हणणं असं की, मापं फोनवर सांगा, गुलमंडीतल्या आपल्या टेलरकडून शिवून पाठवतो. विकतच्या कागदी पॅटर्नवरून हिमरू कापायला घेतलं तर कापडाचं वाटोळं होईल. माझं मत नेमकं उलट आहे. टेलरच्या कौशल्याबद्दल वाद नाही. पण ते कौशल्य त्याच्या नजरेत आहे, आणि नजर फोनवरून चालत नाही. गिऱ्हाईक समोर असेल तर एक खांदा उतरता आहे, पोट थोडं पुढे आहे, हे तो टेप लावायच्या आधीच हेरतो. इथून त्याला मिळणार नुसते पाच-सहा आकडे, तेही काकूच्या अक्षरात. मूल इथे आणि कात्री तिथे असली की पट्टीचा कारागीरही अंदाजपंचेच कापणार. त्यापेक्षा दोन्ही एका घरात असलेली बरी, मग कात्री धरणारी थोडी कच्ची का असेना.

‘शिंप्याची अक्कल कागदात कुठून येणार?’ हा काकूचा हुकमी प्रश्न. शिंप्याकडूनच आली, काकू. आमच्या गावाजवळ स्टर्लिंग नावाचं खेडं आहे. तिथल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या साइजचे कागदी पॅटर्न विकायला काढले. त्याआधी मासिकांतून नमुने मिळत, पण एकाच मापाचे. लहान-मोठं करायचा हिशेब बाईच्या डोक्यावर. बटरिकने तो हिशेब आपल्याकडे घेतला. पुढे कितीतरी वर्षं पॅटर्नच्या कागदावर रेषा नसत, नुसती भोकं पाडलेली असत. कुठलं भोक टक्सचं, कुठलं उभ्या धाग्याचं, हे ओळखण्यातच अर्धी दुपार जात असणार. आता सगळं छापलेलं येतं: उभ्या धाग्याचा बाण, बाही मुंढ्याला जुळवायच्या खुणा, कापड दुमडायची कड. शिवणक्लासात तुम्ही ब्राऊन पेपरवर छातीचा चौथा भाग अधिक सैलपणा असं गणित मांडायचात ना, तेच हे. फक्त गणित दुसऱ्याने सोडवलंय. यात कमीपणा वाटत असेल, तर भिंतीवर कालनिर्णय टांगणाऱ्यांनी आधी तिथी मांडायला शिकलं पाहिजे.

आता ‘गोऱ्या पोरींची मापं आपल्या पोरीला कशी बसणार’ हा तुझा मुद्दा. पॅटर्नच्या पाकिटावरचा नंबर वयासारखा दिसतो म्हणून हा घोटाळा होतो. ४ नंबर म्हणजे छाती २३ इंच, ६ नंबर म्हणजे २५. वय विसरायचं आणि टेप लावायची, मग वर्णाचा प्रश्नच येत नाही. एकाच कागदावर तीन-चार साइजच्या रेषा एकात एक असतात, त्यामुळे छाती एका नंबरची आणि लांबी दुसऱ्या नंबरची घेता येते. शिवाय आधी जुन्या चादरीचा फ्रॉक बेतून अंगावर घालून बघायचा. बिघडली तर चादर बिघडेल. दिवाळीच्या तोंडावर एवढी सवड कुठल्या टेलरला आहे?

हिमरूची धास्ती मात्र रास्त आहे. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी, मागच्या बाजूला सुटे धागे. ते बांगडीतही अडकतात आणि नखातही, आणि कापलेली कड उसवत जाते. म्हणून आतून मऊ अस्तर लावायचं आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला आधी झिगझॅग मारून घ्यायची. वेलबुट्टीला वर-खाली असेल, तर त्याची सोयही पॅटर्नमध्ये आहे: अशा कापडासाठी वेगळी आकृती छापलेली असते, सगळे तुकडे एकाच दिशेला तोंड करून मांडलेले. कापड जास्त लागतं खरं. घाईतला टेलर तेवढंच वाचवायला एखादा तुकडा उलटा बसवतो आणि पोरीच्या पाठीवर बुट्टी शीर्षासन करते.

एका बाबतीत तुझं शंभर टक्के खरं: माया. इथल्या पॅटर्नमध्ये शिवणीला दीड सेंटिमीटर धरलेला असतो, की संपलं. पोरी वाढतात हे या कागदाला ठाऊक आहे, म्हणून तर एवढे नंबर. पण वाढलेली पोरगी पुढच्या दिवाळीलाही तोच फ्रॉक घालते, हे त्याच्या गावीही नाही. तेव्हा बाजूच्या शिवणींना आणि खालच्या घेराला तू सांगशील तेवढी माया रेषेबाहेर सोडू. बाहेरून दिसत नाही, त्यामुळे इथल्या लोकांना आपला हिशेब कळणारही नाही.

पाकिटामागचं कोष्टक ४५ आणि ६० इंच पन्ह्याचं आहे, आणि हातमागाचं कापड या दोन्हींत बसेलच असं नाही. म्हणून आधी दुकानात पन्हा मोजून कळव, मग किती मीटर घ्यायचं ते मी सांगते. प्रवासाची काळजी करू नकोस. तुघलकाच्या काळात दिल्लीहून दौलताबादला आलेली ही कला आहे म्हणतात, तिला वूस्टर काय जड आहे! फक्त त्याच पार्सलमध्ये तुपातले लाडू कोंबू नकोस. ते वेगळे पाठव, पण पाठव.

बाबांना नमस्कार. काकूला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

तुझी लेक