आहेराच्या वहीत मी हजर

कॅनडाचं नागरिकत्व मागायचं, तर अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस त्या देशात हजर असावं लागतं. तिथं घर आहे, घराचा हप्ता आहे, दारातला बर्फ उपसायला फावडं आहे, असली कारणं चालत नाहीत. नुसता पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, टिकवायचा तर पाच वर्षांत ७३० दिवस पुरतात, म्हणून मी निर्धास्त होतो. अडचण एवढीच की मी मूळचा मारुंजीचा.

आमच्या शेजारी हिंजवडीचं आयटी पार्क आलं, तेव्हा भातखाचरांना भाव आला आणि आम्हा पोरांना इंजिनिअरिंगला धाडण्यात आलं. लोक हिंजवडीतून परदेशी जातात, तसा मीही गेलो. आधी शिकलो, मग टोरांटोजवळ एका कंपनीत चिकटलो. तिथल्या साहेबाच्या लक्षात आलं की पुण्याच्या टीमशी याचं चांगलं जमतं. ही पुण्याची टीम बसते हिंजवडीत, आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या काचेच्या इमारतीत. अर्धी पृथ्वी ओलांडून मी गावी यायचो आणि समोर दिसणाऱ्या ऑफिसात पोचायला लक्ष्मी चौकात तासभर अडकून पडायचो.

"हितंच लागला असतास तर चालत गेला असतास की," आमचे वडील, आण्णा, म्हणायचे.

कामानिमित्त बाहेर काढलेले हे दिवस हजेरीत धरतील, असा माझा समज होता. धरतात, पण ते कॅनडाच्या सैन्यातल्या किंवा सरकारी चाकरीतल्या माणसांचे. मी शनिवारी रात्री सर्व्हर पाडणारा खासगी माणूस. पीआर मिळण्याआधी स्टडी परमिटवर काढलेले दिवसही निम्म्या भावानं घेतात आणि तेही जास्तीत जास्त ३६५ पर्यंतच. उणे वीसमध्ये बसस्टॉपवर काढलेल्या माझ्या सकाळी अर्ध्या किमतीला गेल्या, याचं फार वाईट वाटलं.

अर्जाबरोबर प्रत्येक प्रवासाची तारीख लागते. कॅनडातून निघताना पासपोर्टवर कुणी शिक्का मारत नाही. शिक्के मुंबईला बसतात, पण ते नीट वाचायचे तर हस्ताक्षरतज्ज्ञ हवा. त्यातून मधल्या काळात पासपोर्ट बदललेला. जुना आईनं "हरवंल" म्हणून तिजोरीत कुलूपबंद केलेला. म्हणून मी दिवस मोजायला मारुंजीला आलो. मोजण्यात जेवढे दिवस गेले, तेवढेही वजा झाले.

आईला विचारलं, ज्या दोन वर्षांचे शिक्के लागत नाहीत, त्यांत मी कधी कधी आलो होतो?

"एकदा आलास तवा भात झोडपाय घेतला व्हता. मंग गाय व्याली तवा. आन् तुझी आत्या रुसली त्या टायमाला."

"तारीख?"

"आत्याला इचार. तिच्या बरुबर ध्यानात आसंल."

ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रवासाचं कारण लिहायला जागा आहे, पण आत्याचं रुसणं त्यात बसवायचं कसं, ते सुचेना. मग आईलाच आठवलं की ती कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी 'आला' आणि 'गेला' लिहीत असते. मी तिचे पायच धरले. पण जुनी कालनिर्णय कुठायत? फडताळात अंथरलेली. पुढचे दोन तास मी डाळीचे डबे उतरवून, मोबाइलची बॅटरी तोंडात धरून फळ्यांखाली डोकं घालून होतो. एका महिन्यावर तेलाची बरणी पाझरली होती, दुसऱ्यातला नेमका 'गेला'चा आठवडा झुरळांनी नेला होता.

जे सापडलं त्यातून एक गोष्ट कळली. कॅनडा सरकार तसं उदार आहे; निघाल्याचा आणि परतल्याचा, दोन्ही दिवस हजेरीत धरतं. ही उदारता आमच्या अमावास्यांनी खाल्ली होती. दरवेळी 'गेला' हा शब्द तिकिटाच्या तारखेच्या पुढंच सापडायचा, कारण आई अमावास्येला उंबरा ओलांडू देत नाही आणि तिकीट बदलायचा दंड मी 'इतर खर्च' म्हणून बायकोपासून लपवलेला.

उरलेल्या भोकांसाठी आण्णांनी आहेराची वही काढली. कुणाच्या लग्नात किती आहेर केला, तारखेसकट. कॅनडाच्या कुठल्याही खात्यापाशी नसेल अशी चोख नोंद. मी मे महिन्यापासून सुरुवात केली आणि हबकलोच. वहीनुसार मी भावकीतलं एकही लग्न चुकवलेलं नव्हतं. एका संध्याकाळी, एकाच गोरज मुहूर्तावर, मी माणमध्ये पाचशे एक आणि कासारसाईत अकराशे एक रुपये देऊन हजर होतो.

"आण्णा, मी तेव्हा इथं नव्हतोच."

"तू नसशील. आहेर तुझ्या नावानं. यवहार तुटला न्हाई पायजे."

त्या वहीच्या हिशेबानं मी मारुंजी सोडलीच नव्हती. चुकून ती कुणा अधिकाऱ्याच्या हाती पडती, तर नागरिकत्व राहू दे, पीआरही गेला असता.

एव्हाना भावकीत बातमी फुटली होती. संध्याकाळी चुलते आले, ते सातबाऱ्याची काळजी घेऊनच. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं आपोआप संपतं. नंतर ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर कितीही वेळा येता येतं, पण मतदान नाही. हे ऐकून ग्रामपंचायतीला उभा राहू पाहणाऱ्या चुलतभावानं चहा अर्धा ठेवला.

"आन् जमीन?"

"वडिलोपार्जित राहते. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही."

"म्हंजी आता घाई करून घेऊन टाक."

"काका, आत्ताही येत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयालाही शेतजमीन घ्यायची मुभा नाही."

चुलते बराच वेळ गप्प बसले. "मंग नेऱ्याची जमीन दावाय तुला दिवसभर उन्हात फिरावला त्यो?"

तो दिवस तर मला चांगलाच आठवत होता. १,०९५ मध्ये धरता न येणारा आणखी एक. घेता येणार नाही हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि एजंटापुढं परदेशी पाहुणा म्हणून मिरवायला मला आवडलं होतं.

शेवटी जुना पासपोर्ट, विमान कंपनीच्या ईमेल आणि आईची फडताळं जुळवून कॅल्क्युलेटर एकदाचा १,०९५ च्या पुढं गेला. परत जाऊन वर आणखी काही आठवडे मी मिसिसागाच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. अंगावर दिवस जमा करत नुसता बसून राहिलो. मग अर्ज पाठवला. अजून २० प्रश्नांची परीक्षा आहे, त्यातले १५ बरोबर यावे लागतात, आणि त्यानंतर शपथ. शपथेच्या वेळी कॅनडातच असावं लागतं, हे मी आईला तीनदा सांगितलंय.

अर्ज मिळाल्याची पोच यायच्या आधी चुलतभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. लक्ष्मी चौकात भला मोठा फ्लेक्स लागला होता: 'कॅनडा देशाचे नागरिक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्यभागी गॉगल घातलेला मी. कोपऱ्यात, त्याच्यापेक्षा मोठ्या आकारात, भावी सदस्य म्हणून चुलतभाऊ. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, आण्णांच्या शेजारी, पुन्हा मी.