रेड अलर्ट, घाटमाथा

पाऊस किती पडेल हे हवामान खातं सांगतं. खात्याला नेमकं काय म्हणायचंय हे आमच्या सोसायटीत मी सांगतो. माझी नेमणूक कुणी केलेली नाही. पुण्यात असल्या कामाला नेमणूक लागत नाही.

यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. रंग नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही, पावसाने काय बिघडेल आणि तशी शक्यता किती, हेही त्यात धरतात, असं सांगून मी समोरच्याची लिफ्ट घालवतो. तरीही तो टिकलाच तर आकडे काढतो. २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार. दशांशापाशी जरा थांबतो. वजन दशांशानेच पडतं.

पुणेकराला हा अधिकार आहेच. खातं १८७५ साली कलकत्त्यात सुरू झालं, पुढे सिमल्याला गेलं आणि १९२८ साली शहाणपण सुचून पुण्याला आलं. शिवाजीनगरला ज्या इमारतीत उतरलं तिला आम्ही सिमला ऑफिस म्हणतो. चौकही त्याच नावाचा. शंभर वर्षं होत आली म्हणून काय झालं, बाहेरून आलेल्याला इतक्या लवकर पुणेकर म्हणायची आमच्यात पद्धत नाही. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला हललं. तेव्हापासूनच अंदाज चुकायला लागले, असं माझे वडील ठामपणे सांगत. त्यांचा जन्म त्यानंतरचा, पण पुण्यात हा मुद्दा गौण.

तर, अलर्ट. घाटमाथ्याचा इशारा खातं शहराहून वेगळा देतं. त्यामुळे रेड अलर्ट असतो ताम्हिणीला आणि शाळेला सुट्टी हवी असते कोथरूडला. हा माझा दर पावसाळ्यातला हुकमी विनोद.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्याला हसल्या नाहीत. त्या नदीकाठी राहतात. घाटातलं पाणी टेमघर, वरसगाव, पानशेत भरून खडकवासल्यात येतं, तिथून मुठेत सोडतात. शहरात उघडीप असली तरी काठावरच्यांची झोप उडते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलं.

‘‘मावशी, अलर्ट आला नव्हता का?’’

‘‘आला की. फोन केवढ्यांदा बोंबलला! पण ‘आज येऊ नका’ असा फोन कुणाचाच नाही आला.’’

‘अत्यावश्यक काम असेल तरच बाहेर पडा,’ असं सांगतात. काम कुणाच्या लेखी अत्यावश्यक, ते सांगत नाहीत. दूधवाला, पेपरवाला, जेवण पोचवणारी पोरं, सगळे आपल्या अत्यावश्यकतेपायी भिजतात. ते भिजू नयेत म्हणून एकही रंग ठरलेला नाही.

तेव्हा उद्यासाठी रेड अलर्ट आला, मग तो घाटमाथ्याचा का असेना, तर आज संध्याकाळीच मावशींना फोन करा: उद्या येऊ नका, पगार कापणार नाही. आणि भांडी आपण घासा. खात्याने कृती करायला सांगितलंय.