कोराडीत राहून इंग्लंडमधले वैर कसे पाळावे

सदर मार्गदर्शिका कोराडी, महादुला, खापरखेडा आणि कामठी परिसरातील अशा सज्ञान व्यक्तींसाठी आहे, ज्यांनी इंग्लंड पाहिलेले नाही, पाहण्याची आर्थिक शक्यताही नाही, पण ज्यांना दर शनिवारी रात्री लँकेशायरमधल्या एखाद्या गावाचा मनापासून संताप यावा असे वाटते. संताप आपोआप येत नाही. त्याला अभ्यास लागतो.

पूर्वतयारी

एक टीव्ही किंवा मोबाइल, एक समजूतदार कुटुंब (नसल्यास हेडफोन) आणि घड्याळाचे गणित एवढे साहित्य पुरते. इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला लागतो. आठवड्याच्या मधला सामना हिवाळ्यात रात्री दीडच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा रात्रपाळीची सवय असलेल्या घरांना फायदा मिळतो. वीज इथेच तयार होते म्हणून ती सामन्यात जाणार नाही, अशा भ्रमात मात्र राहू नये. मोबाइल चार्ज करून ठेवावा.

इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायला मनाई आहे. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावे, म्हणून हा नियम १९६० च्या दशकापासून चालत आला आहे. म्हणजे मँचेस्टरच्या माणसाला घरबसल्या रीतसर न दिसणारा सामना कोराडीच्या माणसाला दिसतो. ही गोष्ट चारचौघांत अवश्य मिरवावी. विदर्भाला आधी मिळाले आणि इतरांना नंतर, अशी उदाहरणे फार नाहीत.

पायरी पहिली : क्लब निवडणे

मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल हे क्लब घेऊ नयेत. ते पानठेल्यावरच्या प्रत्येकाने आधीच घेतलेले असतात. मँचेस्टर सिटीवर प्रीमियर लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवले. त्यांचा अभ्यास करायचा तर वकिली शिकावी लागेल.

आपण ब्लॅकबर्न रोव्हर्स घ्यावा. कारण सोपे आहे. त्याचे मालक पुण्याचे आहेत. कोंबडी आणि अंडी यांच्या धंद्यात मोठ्या झालेल्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना हा क्लब विकत घेतला. पुण्यात बसून कुणीतरी निर्णय घेतो आणि त्याचे परिणाम लांबच्या लोकांना भोगावे लागतात, ही स्थिती समजायला इंग्लिश चाहत्याला कित्येक वर्षे लागली. नागपूर जिल्ह्यातल्या माणसाला ती १९५३ च्या नागपूर करारापासून पाठ आहे. अनुशेष म्हणजे काय, हे ब्लॅकबर्नच्या चाहत्याला समजावून सांगू शकेल असा जगात एकच समाज आहे. या नैसर्गिक पात्रतेचा लाभ घ्यावा.

क्लबचा इतिहास पुढीलप्रमाणे तोंडपाठ करावा. स्थापना १८७५. पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेले स्थानिक गृहस्थ जॅक वॉकर यांनी १९९० च्या दशकात पैसा ओतला, ॲलन शिअररला आणले आणि १९९५ मध्ये क्लब प्रीमियर लीगचा विजेता झाला. तेही शेवटच्या दिवशी लिव्हरपूलकडून हरून! युनायटेडला त्याच दिवशी वेस्ट हॅमशी बरोबरी पत्करावी लागली म्हणून एका गुणाने जमले. पुढे वॉकर वारले आणि कालांतराने पुणे आले.

नव्या मालकांनी महिन्याभरातच सॅम अलरडाइस या अनुभवी प्रशिक्षकाला घरी पाठवले. रोनाल्डिन्होला आणण्याच्या गोष्टी झाल्या. रोनाल्डिन्हो आला नाही. खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये कोंबडी खायला बसवून जाहिरात काढली. मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, त्या सामन्यात चाहत्यांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत पोचला आणि वर्षभराने परतला. न्यायाने वागायचे तर हेही सांगावे, की त्याच मालकांनी वर्षानुवर्षे तोटा खिशातून भरला. पण न्यायाने वागणे हा चाहत्याचा धर्म नाही, म्हणून हे वाक्य हळू आवाजात म्हणावे.

पायरी दुसरी : वैरी निवडणे

वैरी जवळचाच असावा, हा मूलभूत नियम. ब्लॅकबर्नचा वैरी बर्नली. दोन्ही गावांतले अंतर कोराडीहून सीताबर्डीला जाण्याइतके, फार तर चार-पाच किलोमीटर जास्त. दोन्ही एकेकाळची कापडगिरण्यांची गावे, दोन्हीकडे पाऊस तोच. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांत हे दोघेही होते. इतके सारखेपण असल्यावर वैराला वेगळे कारण लागत नाही.

सराव म्हणून आधी घरच्या घरी वैर जमवावे. कोराडी आणि खापरखेडा ही दोन वीज केंद्रे एकाच कंपनीची, कोळसा जाळणारी आणि शेजारची. कोराडीच्या माणसाने खापरखेड्याच्या धुराकडे पाहून ‘आपला धूर बरा’ असे प्रामाणिकपणे म्हणता येईपर्यंत पुढे जाऊ नये. प्रगत विद्यार्थ्यांनी कोल्हापूरचा अभ्यासदौरा करावा. तिथे पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना शाहू स्टेडियमवर असला, की एकाच शहरातली माणसे त्या दिवशी एकमेकांना ओळखत नाहीत.

वैरात चिकाटी लागते. बर्नलीच्या चाहत्यांना १९७९ नंतर ब्लॅकबर्नविरुद्धचा पुढचा विजय पाहायला मार्च २०१४ उजाडावा लागला. पस्तीस वर्षे! आपल्याकडे एवढ्या काळात लोक पक्ष बदलतात, चिन्ह बदलतात, बदललेला पक्षही पुन्हा बदलतात. बर्नलीच्या माणसाने वैरी बदलला नाही.

पायरी तिसरी : ताळेबंद वाचणे

पूर्वी चाहत्याला ऑफसाइड कळला की पुरे. आता घसारा, कर्जावरचे व्याज आणि लेखापरीक्षकाचा शेरा कळावा लागतो. प्रीमियर लीगच्या क्लबला तीन वर्षांत मिळून साधारण १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोटा करण्याची मुभा होती. त्यापुढे गेल्यास गुण कापले जात. एव्हर्टनचे २०२३-२४ च्या हंगामात दोन हप्त्यांत मिळून आठ गुण गेले. गोल न खाता गुण गमावण्याची ही कला हिशेबनिसांनी फुटबॉलला दिलेली देणगी आहे.

क्लब आजारी पडल्याची लक्षणे अशी ओळखावीत.

पहिले लक्षण, ऋण काढून सण. लीड्स युनायटेडने २००१ मध्ये चँपियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली आणि पुढेही ती गाठतच राहू, या हिशेबावर कर्ज उचलले. पुढच्याच हंगामापासून ती स्पर्धा गाठता आली नाही. २००४ मध्ये क्लब खाली गेला. नव्या व्यवस्थापनाने वह्या उघडल्या, तेव्हा कार्यालयातल्या शोभेच्या माशांचेही भाडे भरले जात असल्याचे निघाले.

दुसरे लक्षण, औषधवाल्याची उधारी. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली जाणारा तो प्रीमियर लीगचा पहिला क्लब झाला. देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन अँब्युलन्स ही धर्मादाय संस्थाही होती. तिचे येणे दोन-तीन हजार पौंड, म्हणजे मैदानावरच्या एका नटव्या पासइतके. फुटबॉलचा नियम असा, की खेळाडू आणि इतर क्लबांची देणी पूर्ण भागवायची. उरलेल्यांना पौंडामागे वीस पेन्स कबूल झाले. ज्याने गोल चुकवला त्याला पूर्ण पगार, ज्याने स्ट्रेचर उचलले त्याला पंचमांश.

तिसरे लक्षण, मालकाने क्लब एका पौंडाला घेणे. बेरी हा १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला विकला गेला. बेरी नावाच्या गावात फुटबॉलचा क्लब आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हते, असे नव्या मालकाने नंतर सांगितले. २७ ऑगस्ट २०१९ रोजी फुटबॉल लीगने बेरीला काढून टाकले.

पायरी चौथी : मालकाचा निषेध करणे

निषेध कोराडीहून करायचा असल्याने साधने मर्यादित आहेत. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी ग्लेझर कुटुंबाविरुद्ध हिरवे-सोनेरी मफलर गुंडाळले, कारण २००५ मध्ये त्या कुटुंबाने क्लब विकत घेताना काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर बसवला. नागपूरच्या मे महिन्यात मफलर वापरू नये. निषेध होण्याआधी उष्माघात होईल. कोंबडीही सोडू नये. रविवारच्या सकाळी ती निषेध म्हणून कुणी ओळखणार नाही.

बेरीच्या चाहत्यांचा धडा मात्र नीट वाचावा. क्लब विकला जाऊन हंगाम सुरू होईल या आशेने, हकालपट्टीच्या त्याच दिवशी शेकडो माणसे झाडू, बादल्या आणि पुसणी घेऊन मैदान साफ करायला आली होती. मालकाला ज्या क्लबचे अस्तित्व ठाऊक नव्हते, त्याच्या खुर्च्या पुसायला गाव हजर होते.

आता स्वतःला एक प्रश्न विचारावा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा राष्ट्रीय लीग जिंकलेला क्लब २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये हैदराबादला गेला. तेव्हा आपण झाडू घेऊन कुठे होतो? बहुधा मँचेस्टर युनायटेडच्या मध्यफळीची चर्चा करत होतो. या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून महिन्यातून एकदा तरी कामठीला जाऊन मैदानावर उभे राहून फुटबॉल पाहावा. तिथे बूट कुणी कुणाला उसने दिले एवढेच कर्ज असते, आणि ते सामना संपल्यावर फेडले जाते.

पायरी पाचवी : वैऱ्याचे दीर्घायुष्य चिंतणे

ही सर्वांत अवघड पायरी आहे. वैरी बुडाला की नाचावेसे वाटते. नाचू नये. साउथॅम्प्टन २००९ मध्ये दिवाळखोरीत जाऊन तिसऱ्या श्रेणीत घसरला, तेव्हा शेजारच्या पोर्ट्समथमध्ये आनंद मावत नव्हता. पुढच्याच वर्षी पोर्ट्समथची पाळी आली. मग साउथॅम्प्टन वर चढला, पोर्ट्समथ चौथ्या श्रेणीपर्यंत उतरला आणि २०१२ नंतर २०१९ पर्यंत दोघांचा एकही सामना झाला नाही. सात वर्षे शिव्या तयार होत्या, द्यायला समोर कुणी नव्हते. दरम्यान, २०१३ मध्ये पोर्ट्समथच्या चाहत्यांनीच वर्गणी काढून क्लब विकत घेतला.

म्हणून लक्षात ठेवावे : स्टेडियम गहाण पडते, खेळाडू विकले जातात, मालक येतात-जातात. वैर तेवढे कुठल्याही बँकेला तारण ठेवून घेता येत नाही. क्लबच्या ताळेबंदातली घसारा न लागणारी ही एकमेव मालमत्ता आहे आणि तिचा निम्मा हिस्सा समोरच्या गावाच्या नावावर आहे.

शंकासमाधान

प्रश्न : मित्र विचारतो, ‘काहून बे, तुवा क्लब पुण्याचा, गाव इंग्लंडचं, तू कायले रडून राहिला?’ काय उत्तर द्यावे?
उत्तर : ‘तू क्रिकेटमध्ये कोणाच्या लिलावात रडतो ते सांग पहिले.’

प्रश्न : क्लब बदलता येतो का?
उत्तर : बायकोने परवानगी दिली तरी नाही.

प्रश्न : वैऱ्यासाठी नवस बोलायचा तो कसा?
उत्तर : कोराडीच्या जगदंबेसमोर मंगळवारी, गर्दी ओसरल्यावर. शब्द असे असावेत : ‘माय, बर्नलीचं कर्ज फिटू दे, त्यांच्या पोरांचा पगार वेळेवर होऊ दे, त्यांचं मैदान शाबूत राहू दे. आणि मग एका शनिवारी त्यांना आमच्याकडून चार गोल खायला घाल.’ विनंत्यांचा क्रम बदलू नये.