इंजिन उतरेल, वायर कुठून नेणार?

पेट्रोलची गाडी विजेवर आणणं तसं सोपं. इंजिन, टाकी, सायलेन्सर उतरवायचा. मोटर, कंट्रोलर, बॅटरी बसवायची. किट मान्यताप्राप्त हवं, आरसीवरचं इंधन बदलून घ्यायचं, झालं. किटचा भाव ऐकला तेव्हा माझ्या सोळा वर्षांच्या गाडीपेक्षा तिच्या पोटात जाणारी बॅटरीच महाग निघाली. म्हणजे घोड्यापेक्षा नाल मोठी.

तरी हौसेने चार्जिंग पॉइंट मागायला सोसायटीच्या सभेत गेलो. विषय आठवा, चहा पाचव्यालाच संपलेला.

"वीज कोणाच्या मीटरवर?"

"माझ्या."

"आणि वायर कोणाच्या भिंतीवरून?"

भिंत सामाईक निघाली. मग तळमजल्यावरच्या काकूंना पावसाळ्यात शॉक लागणार, लिफ्ट बंद पडणार आणि मुख्य म्हणजे उद्या सगळेच मागणार, असं ठरलं. काकूंच्याच नातवाची ई-स्कूटर रोज रात्री खिडकीतून सोडलेल्या पिवळ्या एक्स्टेन्शनवर चार्ज होते. ती वायर अजून कुणाला दिसलेली नाही.

बेंगळुरूची 'रेवा' ही इलेक्ट्रिक गाडी २००१ साली रस्त्यावर आली होती. तेव्हाची पोरं आता सोसायटीच्या कमिटीत आहेत. सरकारने अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला, छानच. पण सेतूच्या आधी आमचं पार्किंग लागतं.

इतिवृत्तात नोंद झाली: 'विषय पुढील सभेत घ्यावा.' खाली सेक्रेटरींनी पेनने जोडलंय: 'सदर सभासदाकडे मेंटेनन्स बाकी.'